सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळा आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर सरकारी मराठी शाळांचा विषय सातव्या क्रमांकावर छापला होता, जमाखर्च आणि सभागृहाच्या डागडुजीच्या नंतर. अध्यक्षांच्या परवानगीने तो आम्ही वर घेतला आहे. कारण साधं आहे. एप्रिल जवळ आला आहे. शाळेची घंटा जूनच्या तोंडावर वाजते, पण शाळेचं त्या वर्षीचं नशीब ठरतं ते एप्रिल-मे या दोन महिन्यांत. सातव्या क्रमांकापर्यंत निम्मी मंडळी घरी गेलेली असतात, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

सीमाप्रश्नावर आज आम्ही बोलणार नाही. त्याबद्दलची आपली भूमिका १९५६ सालापासून जी आहे ती आहे, आणि दर १ नोव्हेंबरला आपण ती मांडतो. महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. त्या वर्षी जूनमध्ये जे मूल पहिलीच्या वर्गात बसलं ते आता शिकून, नोकरीधंद्याला लागून, कदाचित लग्न होऊन संसाराला लागलं असेल. कोर्टाची तारीख कोर्ट देईल. पण यंदा आपल्या गावच्या शाळेत पहिलीला किती मुलं बसणार हे कोर्ट ठरवत नाही, आणि बेंगळूरही एकटं ठरवत नाही. ते बरंचसं आपल्या गल्लीत ठरतं.

शाळेचा सगळा कारभार एका आकड्यावर चालतो, तो म्हणजे पट. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शिक्षकांचं कोष्टक दिलं आहे. पहिली ते पाचवीला मिळून ६० पर्यंत मुलं असतील तर २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. दीडशेच्या वर मुलं गेली की वेगळा मुख्याध्यापक. आता एखाद्या गावच्या शाळेत ९३ मुलं आहेत असं धरा. त्यांतली चार मुलं पुढच्या वर्षी शहरातल्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसली, की पट ८९ वर येतो आणि कोष्टकाप्रमाणे एक शिक्षक जादा ठरतो. चार घरांच्या निर्णयाने एक गुरुजी गेले. गुरुजी गेले की दोन वर्ग एका खोलीत येतात, मग पाचवं घर विचार करू लागतं, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पट साठाच्या खाली आला की पाच वर्गांना दोन शिक्षक. त्यांतला एक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा बीईओ ऑफिसला गेला, की त्या दिवशी शाळा एकशिक्षकी.

गाव शाळा सोडतो म्हणून शिक्षक जातात की शिक्षक जातात म्हणून गाव शाळा सोडतो, हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगतो. दोन्ही खरं आहे. पण ही साखळी जिथे तोडता येते ती जागा पटाची आहे, कारण तेवढी एकच आपल्या हातात आहे.

आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट. भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा १०-४० चा नियम १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरला. वर्गात १० किंवा सगळ्या शाळेत ४० मुलं त्या भाषेची असतील, तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी शिक्षक नेमावा, असा तो नियम आहे. पुढे १९५६ साली घटनेत ३५० अ हे कलम आलं, आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात असं त्यात सांगितलं. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही, शक्य असेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं, असे शब्द आहेत. आपण भाषणांत ३५० अ चा उल्लेख पुष्कळ वेळा करतो. पण या संरक्षणांतच एक बारीक तरतूद आहे. शाळा सुरू होण्याआधी अल्पसंख्य भाषिक मुलांच्या मागणीची नोंद करण्यासाठी आगाऊ नोंदवही ठेवावी, अशी ती तरतूद. ही नोंदवही कुठल्या शाळेत आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं? कलम भाषणात वापरायला सोपं, नोंदवहीसाठी मात्र शाळेत जाऊन उभं राहावं लागतं.

आता अवघड भागाकडे येतो. या सभागृहात बसलेल्या घरांपैकी पुष्कळ घरांतली नातवंडं सरकारी मराठी शाळेत नाहीत. हे आम्ही कोणाला टोचायला म्हणत नाही. २०१४ सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की प्राथमिक शाळेचं माध्यम कोणतं असावं याची निवड पालकाची आहे, सरकार ती लादू शकत नाही. तो निकाल कन्नड सक्तीच्या विरोधात गेला म्हणून आपण तेव्हा समाधान मानलं. पण त्याच निकालाने इंग्रजी शाळेचं दारही तितकंच मोकळं केलं. तेव्हा पालकाला मराठी शाळेत आणायचं तर ते पटवूनच.

आणि आज त्या शाळेत मुलं कोणाची आहेत? शेतमजुराची, गवंड्याची, वीटभट्टीवरच्या कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईची. मराठी शाळा आज तीच माणसं चालवताहेत. अशा आईला मातृभाषेच्या महतीवर भाषण देऊ नये, ही आमची पहिली विनंती आहे. ती तीनच गोष्टी विचारते. माझ्या पोराला कन्नड येईल का, इंग्रजी येईल का, आणि शाळेत मास्तर रोज येतील का. तिला या तिन्हींची खरी उत्तरं हवीत.

कन्नडबद्दल थोडं स्पष्ट बोलू. काही सभासदांना ते आवडणार नाही, पण कार्यकारिणीत यावर दोन बैठका झाल्या आहेत आणि हे आमचं एकमताचं म्हणणं आहे. कन्नड सक्तीला विरोध करणं आणि कन्नड न शिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१५ च्या कायद्याने कन्नड हा विषय सगळ्या शाळांत पहिलीपासून आणला, त्याची अंमलबजावणी २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. इंग्रजी विषय तर सरकारी शाळांत २००७-०८ पासून पहिलीलाच आहे. म्हणजे कागदावर मराठी शाळेतलं मूल तीन भाषा शिकून बाहेर पडतं. प्रत्यक्षात कन्नड शिकवणारा शिक्षक नसेल, तर ते मूल पुढे सरकारी नोकरीच्या परीक्षेत, पोलीस भरतीत, तलाठ्याच्या ऑफिसात अडतं. मग त्याचा बाप धाकट्याला कन्नड किंवा इंग्रजी शाळेत घालतो. मराठी शाळेत चांगला कन्नड शिक्षक मागणं हे मराठी शाळा टिकवण्याचं काम आहे. हा अर्ज आपल्या मंडळाने स्वतःच्या कागदावर, सहीशिक्क्यासह करावा, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे ठेवतो आहोत.

दुसरी गळती लागते ती त्याही आधी, तीन-चार वर्षांच्या वयात. सरकारी शाळा पहिलीपासून सुरू होते आणि पहिलीचं वय सहा. खासगी शाळेची एलकेजी त्याच्या दोन वर्षं आधी सुरू होते. एकदा मूल टाय बांधून त्या गाडीत बसलं की ते सहाव्या वर्षी परत येत नाही. म्हणून शाळा सांभाळायची तर अंगणवाडी सांभाळावी लागेल. आपल्यातल्या महिला सभासदांनी हे काम घ्यावं असं आम्हांला वाटतं. आठवड्यातून एक तास गाणी, गोष्टी, मातीचं काम एवढंही पुरे. अंगणवाडीच्या बाईंना आधी विचारून जावं, त्यांच्या डोक्यावर बसायला जाऊ नये. काही निवडक शाळांत सरकारने २०१८-१९ पासून कर्नाटक पब्लिक स्कूल या नावाने एलकेजीपासूनचे वर्ग काढले, आणि २०१९ साली एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाले. त्यामुळे आता एकाच आवारात मराठीचा वर्ग आणि इंग्रजीचा वर्ग शेजारी भरू शकतो. अशा ठिकाणी मराठीच्या वर्गात गुरुजी नसतील तर काय होईल, ते सांगायला नको.

गोव्याचं उदाहरण पाहावं. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि बहुजन समाजाची एक पिढी त्यांतून शिकली. १९९० पासून तिथे मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचं धोरण होतं. २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही खुलं झालं. शशिकला काकोडकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, मोठी आंदोलनं झाली, २०१२ साली सरकारही बदललं. तरी चालू असलेल्या इंग्रजी शाळांचं अनुदान सुरूच राहिलं. तिथल्या आपल्या माणसांचा लढा कमी पडला असं आम्ही म्हणणार नाही. पण मोर्चाने धोरणावर दबाव येतो, बाक मात्र भरत नाहीत. बाक भरणारी माणसं निराळी लागतात, आणि बहुतेक वेळा ती मोर्च्यात दिसत नाहीत.

तेव्हा ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत, त्यांनी करायचं काय? पुष्कळ आहे.

शाळेची खरी सत्ता शाळा सुधारणा समितीत आहे, ज्याला आपण एसडीएमसी म्हणतो. कर्नाटकात ती २००१ पासून आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने तिला बळ दिलं. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, आलेल्या पैशाचा विनियोग पाहणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं, ही तिची कामं. हा आराखडा महत्त्वाचा. कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे सरकारने द्यायच्या अनुदानाचा तोच आधार आहे. दोन खोल्या हव्यात, स्वच्छतागृह हवं, कुंपण हवं, हे सगळं त्या आराखड्यात लिहिलेलं नसेल तर नुसतं आमदारांना निवेदन देऊन फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही.

आता अडचण अशी, की पालक निवडून येतात, सहीचा अंगठाही करतात, पण कागद कन्नडमध्ये येतो. परिपत्रक कन्नड, आराखड्याचा नमुना कन्नड, बँकेचं पत्र कन्नड. एका गावी समितीची मुदत संपून गेली तरी कोणाला पत्ता नव्हता, कारण त्याबद्दलचं परिपत्रक मुख्याध्यापकांच्या कपाटात होतं आणि मुख्याध्यापक स्वतः दुसऱ्या शाळेचाही कारभार पाहत होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांप्रमाणे जिथे एखादी भाषा बोलणारे १५ टक्के तरी असतील तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही मिळायला हव्यात. तो आग्रह आपण धरतोच, धरत राहू. पण तोवर समितीतल्या त्या बाईंनी काय करायचं?

इथे आपलं काम आहे. या सभागृहात महसूल खात्यातून, टपालातून, बँकेतून, एसटीतून निवृत्त झालेली किती मंडळी आहेत! कन्नड लिहिता-वाचता येणारी, अर्ज कसा लिहावा, आवक-जावक नंबर कसा घ्यावा, पोच कशी मागावी हे तीस-तीस वर्षं केलेली. एखाद्या शाळेला आपण देऊ शकू असं याहून मोठं दान नाही. महिन्यातून एकदा समितीच्या बैठकीला जाऊन बसा. सभासद म्हणून नव्हे, निवडून आलेले पालक आहेत. तुम्ही परिपत्रक मराठीत वाचून दाखवा, इतिवृत्त लिहायला मदत करा, ठरावाची प्रत बीईओ ऑफिसला देऊन पोच आणा. बोलायचं पालकांनी. आपल्या माणसांना बैठकीत गेल्यावर अध्यक्षस्थानी बसायची सवय असते, ती तेवढी बाहेर चपलांबरोबर ठेवावी.

जागेचा मुद्दा खास जुन्या घरांसाठी आहे. मुंबई इलाख्याच्या काळात, लोकल बोर्ड आणि पुढे स्कूल बोर्डाच्या दिवसांत, गावोगावच्या शाळा कोणाच्या जागेत उभ्या राहिल्या? कोणाच्या पणजोबांनी वाड्याची पडवी दिली, कोणी देवळामागची चार गुंठे जमीन दिली. तोंडी दिली. त्या काळी शब्द पुरत असे. आज त्या जमिनीच्या उताऱ्यावर अजून आपल्याच घराण्याचं नाव आहे, त्यात आता बारा वारस आहेत, त्यांतले चार पुण्याला आणि एक अमेरिकेत. जागा शाळेच्या नावावर नसली की नवी खोली मंजूर होताना अडचण येते, आणि रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव वाढले की एखाद्या वारसाला ती जागा आठवते. मग शाळेच्या मैदानात खुंट्या ठोकल्या जातात.

तेव्हा प्रत्येक जुन्या घराने एवढं करावं. शाळा आपल्या पूर्वजांच्या जागेत आहे असं ऐकिवात असेल, तर उतारा काढून पाहावा. नाव अजून घराचंच असेल तर वारसांना एकत्र आणून रीतसर बक्षीसपत्र नोंदवून द्यावं. आपल्या सभासदांत वकील आहेत, ते कागद पाहून देतील, फी घेणार नाहीत, हे त्यांनी कार्यकारिणीत कबूल केलं आहे आणि आम्ही ते आता सगळ्यांसमोर सांगून त्यांना बांधून घेत आहोत. आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची इच्छा असेल तर खुशाल लावा, पण आधी बक्षीसपत्र.

पैशाबद्दल. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान मिळतं. ३० पर्यंत मुलांच्या शाळेला १०,००० रुपये, त्यावर १०० पर्यंत २५,०००, त्यावर २५० पर्यंत ५०,०००. यातच खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता सगळं बसवायचं. साठ मुलांच्या शाळेचं स्वच्छतागृह वर्षभर स्वच्छ ठेवायचं तर झाडणाऱ्या बाईला महिन्याला किती द्यावे लागतील याचा हिशेब घरी करून बघा. स्वच्छतागृह बांधायला देणगीदार मिळतो, धुवायला मिळत नाही. मुली सहावी-सातवीत शाळा का चुकवतात याचं एक कारण तिथेच आहे.

जून महिन्यात आपल्याकडे वह्यावाटपाचा हंगाम असतो. युवक मंडळ, महिला मंडळ, पतसंस्था, नगरसेवक, सगळे वह्या वाटतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. एकेका मुलाला तीन-तीन ठिकाणच्या वह्या मिळतात आणि डिसेंबरात त्याच मुलाकडे पेन नसतं. वाटणाऱ्यांच्या भावनेला आम्ही नावं ठेवत नाही. पण यंदा मंडळाने वह्यांचा निधी शाळेच्या समितीला विचारून, तिच्या बँक खात्यात, पावती घेऊन द्यावा, आणि तो वर्षभराच्या सफाईला, पाण्याच्या टाकीला, वीजबिलाला आणि पुस्तकांना वापरावा असा आमचा प्रस्ताव आहे. पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकार मराठीतूनही छापतं, ती मुलांना मिळतात. नाही मिळत ती अवांतर वाचनाची मराठी पुस्तकं. घरातले जुने दिवाळी अंक शाळेला देऊ नका, चौथीचं मूल ते वाचणार नाही. मोठ्या टायपातली, चित्रांची, नवी पुस्तकं घ्या. थोडी घ्या, पण कपाटाची किल्ली मुलांच्या हातात राहील असं पाहा.

निवृत्त शिक्षक सभासदांना एक विनंती आणि एक सावधगिरीची सूचना. विनंती अशी की आठवड्याचे दोन दिवस शाळेत या. तिसरी-चौथीतली जी मुलं अजून अडखळत वाचतात त्यांना घेऊन बसा. सूचना अशी की रिकाम्या जागेवर फुकट शिकवणारा माणूस बसला की ती जागा रिकामी आहे हे वरच्या ऑफिसला दिसेनासं होतं. कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे मंजूर जागांपैकी १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. म्हणून तुम्ही शिकवत असलात तरी दर तीन महिन्यांनी समितीचा अर्ज गेलाच पाहिजे, की अमुक जागा रिकामी आहे, कायम शिक्षक द्या, तोवर अतिथी शिक्षक द्या. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. मंजूर पदं किती, भरलेली किती, एवढाच प्रश्न विचारावा. लांबलचक आरोपपत्र लिहू नये, त्याला लांबलचक उत्तर येतं आणि शिक्षक येत नाही.

आपलं हे पत्रक राजकीय आहे, तेव्हा मतांबद्दलही बोलतो. प्राथमिक शिक्षण हा विषय घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे दिलेला आहे. तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ साली संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या. विचारायला सभासदच नाही, अशी स्थिती आली. त्यामुळे ग्रामपंचायतीला जास्त धरून राहावं लागतं. ग्रामसभेत शाळेचा विषय लिहून द्या. मुलांची ग्रामसभा, ज्याला कन्नडमध्ये मक्कळ ग्रामसभा म्हणतात, ती दरवर्षी भरायला हवी. तिथे पाचवीतल्या मुलीने उभं राहून नळाला पाणी नाही असं सांगितलं की सदस्यांना जे लागतं ते आपल्या दहा निवेदनांनी लागत नाही. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो आपल्या समितीचा असो की दुसऱ्या पक्षाचा, एवढंच विचारा की आपल्या वॉर्डातल्या मराठी शाळेचा पट किती आणि शिक्षक किती. हे आकडे ज्याला सांगता येत नाहीत त्याला मराठीवर बोलू देताना थोडा विचार करावा.

एक गोष्ट राहिली. बऱ्याच गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत, काही ठिकाणी उर्दूही. नळ एक, मैदान एक. तिथे टाकी बसवायची तर ती सगळ्यांसाठी बसवा. मराठी मुलांचा नळ वेगळा असला मूर्खपणा कोणी सुचवला तर तिथेच थांबवा. त्या शाळांतली मुलंही गरिबाचीच आहेत, आणि शेजारच्या शाळेशी बरं असलं की कन्नडचा तास घ्यायला तिथले गुरुजी येतात, हे आम्ही दोन गावांत पाहिलं आहे.

आता कामाचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरोघर नोंदणीला सुरुवात करायची आहे. पाच ते सहा वर्षांची मुलं कुठल्या घरात आहेत याची यादी अंगणवाडीच्या बाईंकडे असते, तिच्यावरून निघायचं. प्रत्येक शाळेला दोन माणसं, एक पुरुष आणि एक बाई. जोडी शक्यतो त्याच गल्लीतली असावी, म्हणजे दार उघडतं. पालकाने हो म्हटलं तर त्याच दिवशी आगाऊ नोंदीचा अर्ज भरून घ्यायचा, जन्मदाखला आणि आधार नसेल तर ते काढून द्यायला मदत करायची. दाखल्यावाचून मूल परत पाठवायचं नसतं हे कायद्यात आहे, तरी कागद आधी झालेला बरा. नाही म्हटलं तर कारण लिहून घ्यायचं, वाद घालायचा नाही. ती कारणंच आपल्याला पुढच्या बैठकीत हवी आहेत.

नावनोंदणीची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. शाळेचं नाव, आपलं नाव आणि फोन लिहावा. ज्यांना कन्नड लिहिता-वाचता येतं त्यांनी नावापुढे 'क' असं लिहावं, त्यांना आम्ही सोडणार नाही. ज्यांच्या घराण्याच्या जागेत शाळा आहे त्यांनी वकील सभासदांना आजच भेटावं, ते चहाच्या टेबलापाशी थांबले आहेत. कन्नड शिक्षकाच्या अर्जाचा ठराव आता सचिव वाचून दाखवतील. त्यावर चर्चा करा, दुरुस्ती सुचवा, विरोध असेल तर विरोध नोंदवा, पण मतदान झाल्याशिवाय कोणी उठू नये.